क्युसेकनाना

माझे सासरे नदी दिसली की हात जोडत नाहीत, घड्याळ बघतात. एक डोळा सेकंदकाट्यावर आणि दुसरा पाण्यावरून निघालेल्या एखाद्या पानावर. पानाला दहा फूट जायला किती सेकंद लागले त्यावरून वेग काढायचा, वेगाला पात्राच्या रुंदीनं आणि अंदाजे खोलीनं गुणायचं आणि आलेल्या आकड्यातून पंधरा टक्के कापायचे. कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा घाईत असतं, त्याचं सगळंच खरं धरायचं नसतं. मग नाना जाहीर करतात, "बाराशे." बाराशे काय, असं कुणी विचारत नाही. आमच्या घरात एककाशिवाय आकडा आला की तो क्युसेकमध्येच असतो.

नाना बाहत्तरच्या दुष्काळात पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २००७ साली कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात खात्याचं नाव 'जलसंपदा' झालं, ते नानांना मान्य नाही. "पाट दिसायचा, बंधारा दिसायचा. संपदा कुणाला दिसली का?" पुण्यात दर सोसायटीत असा एक तरी निवृत्त इंजिनियर असतो. वर्षाचे आठ महिने तो पार्किंगच्या तक्रारींवर काढतो, पण जुलै उजाडला की त्याला पालवी फुटते. पेपर आला की आधी धरणसाठ्याची चौकट. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी मिळून २९ टीएमसी. त्यातले आज किती, गेल्या वर्षी आजच्या तारखेला किती. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून भोंगा फिरतो. त्याच्या आधी नानांचा फोन फिरलेला असतो.

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात नानांनी मला पगार विचारला नाही. विचारलं, "राहता कुठं?"

"सिंहगड रोडला."

"पूररेषेच्या आत की बाहेर?"

पूररेषा असते हेच मला ठाऊक नव्हतं, मग ती निळी आणि लाल अशी दोन रंगांत असते हे कुठून असणार? नाना म्हणाले, "निळीच्या आत मुलगी द्यायची नाही असं आमचं ठरलंय. निळी आणि लालच्या मध्ये असाल तर विचार करू." दुसऱ्या दिवशी मी महापालिकेत जाऊन नकाशा बघून आलो. बाकीच्यांची लग्नं पत्रिकेवर जमतात. आमचं नकाशावर जमलं.

खुद्द नानांचं लग्न तर पातळीवर जमलेलं. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. ते गाव जायकवाडीच्या नाथसागरात गेलं. गाव जाण्याआधी घरोघरच्या उंबऱ्यांच्या पातळ्या घ्यायला खात्यानं जो पोरगेला इंजिनियर पाठवला, ते नाना. लेव्हलच्या दुर्बिणीतून त्यांना उंबरा दिसला आणि उंबऱ्यात उभी असलेली मुलगीही. आईंचे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "सरकारनं घर नेलं आन् इंजिनियरनं पोरगी. मोबदला मिळाला तो घराचाच."

हे नाना गेल्या उन्हाळ्यात आईंना घेऊन आमच्याकडे आले. आम्ही अमेरिकेत, ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो. लेक अशी वाळवंटात पडलेली बघून आईंना वाईट वाटलं. नानांना उलट हुरूप आला. "वाळवंटात हिरवळ आहे ना? मग पाणी कुणीतरी आणलंय. कुणी ते बघू." तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी गुन्हेगार शोधून काढला होता. कोलोरॅडो नदीचं पाणी उपसून, डोंगर चढवून, ३३६ मैलांच्या कालव्यानं या मुलखात आणलेलं आहे. सकाळचं फिरणं त्यांनी घराजवळच्या एका कालव्यावर हलवलं. तिथं ते संत्र्याची साल पाण्यात टाकत आणि घड्याळ हातात धरून सालीबरोबर चालत. एका गोऱ्या बाईनं काळजीनं विचारलं, "काही हरवलंय का?" नाना म्हणाले, "युवर डिस्चार्ज." बाई पुढे गेल्या, त्या जरा भरभर.

कालव्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "दीड मैल चाललो. एक म्हैस नाही, एक बाई धुणं धूत नाही, एक मोटार चोरून टाकलेली नाही. हा कालवा म्हणायचा कशाला?"

नदी दाखवायची कल्पना माझ्या मुलाची. कोलोरॅडो ग्रँड कॅन्यनमधून २७७ मैल वाहते आणि तो सगळा प्रवास बोटीतून करायचा तर आठवडा-दोन आठवडे लागतात. पण कॅन्यनच्या पश्चिम टोकाला वालापाय जमातीची जमीन आहे. तिथल्या पीच स्प्रिंग्ज गावातून डायमंड क्रीकच्या ओढ्याओढ्यानं एक कच्चा रस्ता थेट नदीच्या पाण्याला भिडतो. कॅन्यनच्या पोटात नदीपर्यंत मोटार जाते ती एवढ्या एकाच वाटेनं. तिथून वालापाय लोक सकाळी रबरी तराफ्यात बसवतात, खळाळांमधून नेतात आणि संध्याकाळी बाहेर काढतात. मी हे सगळं नानांना रंगवून सांगितलं. गुलाबी कडे, निवडुंग, रानमेंढ्या. नानांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "विसर्ग?"

निघायच्या सकाळी आधी एक फॉर्म आला. बुडालो, आपटलो, उन्हानं चक्कर आली तर जबाबदारी आमची राहील, अशा मजकुराची तीन पानं. सगळ्या जगानं न वाचता सही केली. नानांनी ती निविदा वाचावी तशी वाचली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली आणि म्हणाले, "ठेकेदाराला एवढं मोकळं आम्ही कधी सोडलं नाही."

त्यांचा पोशाख बघण्यासारखा होता. बाकी मंडळी चड्ड्या आणि गॉगलमध्ये. नाना अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला दोन पेनं, त्यावर केशरी लाइफ जॅकेट. जॅकेटमुळे खिसा झाकला गेला म्हणून पेनं कॉलरला आली. हातात डायरी आणि ती पाण्यात भिजू नये म्हणून चितळ्यांच्या दुधाच्या पिशवीत. धुऊन वाळवलेल्या अशा आठ पिशव्या आईंनी पुण्याहून आणल्या होत्या. अमेरिकेत प्लॅस्टिक मिळतं, पण ते असं नाही, म्हणे.

बसमध्ये मी मेजर पॉवेलची गोष्ट सांगितली. एका हाताचा माणूस. दुसरा यादवी युद्धात गेलेला. १८६९ साली चार लाकडी होड्या आणि नऊ सोबती घेऊन तो या अनोळखी नदीत शिरला. तीन महिने हाल काढले. शेवटी पुढचा खळाळ बघून तिघांनी हाय खाल्ली. २८ ऑगस्टला ते होडी सोडून कडा चढून गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. उरलेले दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले.

"नव्वद टक्के काम झाल्यावरच ठेकेदार पळतो," नाना म्हणाले. "हे जागतिक आहे."

नदीकाठी उतरलो तेव्हा पारा चाळिशीच्या वर गेला होता. दोन्ही बाजूंना काळेतांबूस कडे आणि मध्ये हिरवट, गार, घाईतलं पाणी. आमचा गाइड त्याच जमातीचा, तिशीतला, गुटगुटीत, सतत हसणारा तरुण. त्यानं सूचना सुरू केल्या. दोरी सोडायची नाही, पाण्यात पडलात तर पाय पुढे करून उताणं तरंगायचं. काही शंका? एका पाहुण्यानं विचारलं, "संध्याकाळी नदी आपल्याला परत इथंच आणून सोडते का?" गाइड तरीही हसतच राहिला. त्याला सवय असावी. मग नानांनी हात वर केला.

"व्हॉट इज द डिस्चार्ज टुडे?"

"टेन थाउजंड सीएफएस, सर."

नानांचा चेहरा मी लग्नातही इतका उजळलेला बघितला नव्हता. दोन महिने अमेरिकेत ते पौंड, मैल, गॅलन आणि फॅरनहाइट सोसत होते. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांच्या मातृभाषेत बोललं. सीएफएस म्हणजेच क्युसेक, सेकंदाला एक घनफूट. इंग्रज दोन्हीकडून गेला. इथं जवळजवळ अडीचशे आणि तिथं पाऊणशे वर्षं झाली. क्युसेक दोन्हीकडे राहिलं. "दहा हजार," नाना आईंकडे वळून म्हणाले. "म्हणजे खडकवासला भोंगा." आईंनी लगेच पदर खोचला.

गाइडनं बाकीच्यांसाठी समजावलं की सीएफएस म्हणजे काय, तर समजा एक बास्केटबॉल. तुमच्या समोरून दर सेकंदाला दहा हजार बास्केटबॉल जात आहेत. सगळ्यांनी वा म्हटलं. नानांनी मात्र डायरी काढली. साडेनऊ इंच व्यास धरला तर चेंडू जेमतेम पाव घनफुटाचा भरतो. "चाळीस हजार बास्केटबॉल," त्यांनी दुरुस्ती केली. गाइडनं टोपी काढली. त्या क्षणापासून नानांनी त्याचं नाव पाटकरी ठेवलं. त्यांच्या खात्यात चारीचं दार उघडून शेताला पाणी देणारा तो पाटकरी. नानांच्या मते सबंध खात्यात पाणी खरं फक्त त्यालाच कळतं.

"हे पाणी कुठलं?" त्यांनी पाटकऱ्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं. "वर अडीचशे मैलांवर ग्लेन कॅन्यनचं धरण. अकरा कोयना मावतील एवढा जलाशय. खालून पाणी सोडतात म्हणून गार. विजेच्या मागणीप्रमाणे सोडतात, म्हणजे रविवारी कमी. इथं यायला दोनेक दिवस. आज रविवार, म्हणजे हे शुक्रवारचं पाणी." मग माझ्याकडे वळून, "तारीख बरोबर काढलीत, जावईबापू. मंगळवारी आलो असतो तर सुट्टीचं पाणी मिळालं असतं."

त्याच धरणाची एक गोष्ट नानांना फार आवडते. १९८३ च्या पुरात सांडव्याच्या बोगद्यांना आतून खिंडारं पडू लागली आणि जलाशय दारांच्या काठोकाठ आला, तेव्हा तिथल्या इंजिनियरांनी दारांवर चार-चार फुटी प्लायवूड उभं करून वेळ मारून नेली. "चंद्रावर माणूस पाठवला, पण ऐन वेळी प्लायवूडच!" यात नानांना अमेरिकेची थट्टा करायची नसते. सारी दुनिया एकाच खात्यात आहे, याचं त्यांना समाधान वाटतं.

तराफा सुटला. नाना हट्टानं पुढच्या टोकाला बसले. तेव्हा आईंनी मला हळूच एक गुपित सांगितलं. नानांना पोहता येत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते नदीत एकदाही उतरलेले नाहीत. पट्टी धरून पाण्यात उभा राहायचा तो खलाशी. साहेब काठावर, झाडाखाली, दुर्बिणीला डोळा लावून. "एकदा पाय घसरून घोट्यापर्यंत भिजले, तर घरी येऊन ताप काढला."

समोर पहिला खळाळ दिसू लागला. नाना मागं वळून माझ्या मुलाला शिकवत होते. "हे बघ, बाजूच्या ओढ्यानं पुरात दगडगोटे आणून नदीत टाकलेत. ठेकेदार राडारोडा टाकून जातो तसे. त्यामुळे पात्र अरुंद झालं. विसर्ग तेवढाच, पात्र अरुंद, म्हणजे पाण्याचा वेग काय होणार?"

मुलाला उत्तर द्यावं लागलं नाही. तराफ्याचं नाक आधी खाली गेलं, मग वर, आणि वरून एक हिरवी भिंत नानांच्या अंगावर कोसळली. क्षणभर नाना दिसेनात. फक्त पाण्याबाहेर ताठ धरलेला एक हात आणि हातात चितळ्यांची पिशवी. पाणी ओसरलं. नाना जागेवरच होते. चष्म्याची दोरी गळ्यात, चष्मा पाठीवर, केस पाटी पुसल्यासारखे.

"वाढतो," त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

मग खळाळांची रांगच लागली. इथं त्यांना नावं कमी आणि मैलांचे नंबर जास्त; दोनशे एकतिसावा, दोनशे बत्तिसावा. ही पद्धत नानांना पटली, कारण कालव्यावरच्या मोऱ्यांनाही असेच आकडे असतात. बत्तिसाव्यात पाण्याखाली सुळ्यांसारखे खडक आहेत. तो पार पडल्यावर पाटकऱ्यानं हाइड नवराबायकोची हकिगत सांगितली. १९२८ साली हे दोघं मधुचंद्राला स्वतः बांधलेल्या होडीतून लाइफ जॅकेट न घेता निघाले. पुढं काही मैलांवर होडी सापडली, सरळ तरंगत, सामान जागच्या जागी. माणसं आजवर सापडली नाहीत. तराफ्यात शांतता पसरली. आईंनी शांतपणे नानांच्या जॅकेटचा पट्टा आणखी एक भोक आवळला.

कडे आता काळेशार, तासून गुळगुळीत झालेले. पाटकरी म्हणाला, "हा विष्णू शिस्ट." आईंनी कान टवकारले. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञानं कॅन्यनमधल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली, त्यात एक विष्णूचं देऊळ आणि एक शिवाचं. त्या देवळावरून पुढे तळाच्या खडकाला विष्णू म्हणू लागले. वय सुमारे १७० कोटी वर्षं.

"आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा," नाना म्हणाले. "याच्यापुढे कालचं पोर."

आईंनी हात लांब करून खडकाला स्पर्श केला आणि तो कपाळाला लावला. "सगळ्यात खाली आणि पाण्यातच," त्या म्हणाल्या. "म्हणजे नाव बरोबर ठेवलंय की."

दुपारी एका कपारीतल्या धबधब्याजवळ जेवायला थांबलो. सँडविच खाता खाता नानांनी सहप्रवाशांपैकी एका निवृत्त वकिलाला गाठलं. वकील नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डेन्व्हरचा, त्याची बायको खालच्या खोऱ्यातल्या लॉस एंजेलिसची, तेव्हा भांडण घरातच तयार होतं. १९२२ साली सात राज्यांनी या नदीची वाटणी केली. नेमकी त्याआधीची वर्षं बक्कळ पावसाची गेली होती, त्या मोजमापांवर हिशेब धरला आणि नदीत नव्हतं तेवढं पाणी कागदावर वाटून मोकळे झाले. आता नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. "त्या एकहाती पॉवेलनं १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत हेच सांगितलं होतं, सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही म्हणून. लोकांनी हुर्यो केली," वकील म्हणाला.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नाना मराठीतच म्हणाले आणि वकिलाला ते समजलं असं गृहीत धरून पुढे, "आमच्याकडं तुमचं डेन्व्हर म्हणजे नाशिक आणि लॉस एंजेलिस म्हणजे जायकवाडी. वरचे म्हणतात आधी आमचे द्राक्षमळे, खालचे म्हणतात आधी आमचं प्यायचं पाणी. कायदा आहे समन्यायी वाटपाचा, पण पाणी सोडायचं म्हटलं की दरवर्षी कोर्ट." वकिलाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एवढ्या नाशिक-जायकवाडीनं दोन्ही कुटुंबांची मैत्री झाली. त्यांनी आम्हाला डेन्व्हरला बोलावलं, आणि नानांनी त्यांना नाथसागरावर.

जेवणानंतर पाणी शांत झालं. कडे जवळ आले, उंच झाले आणि पाटकऱ्यानं मोटार मंद केली. "दोनशे साडेसदतिसावा मैल," तो म्हणाला. "इथं धरण व्हायचं होतं. ब्रिज कॅन्यन डॅम."

नाना सावरून बसले. हे धरण ब्युरो ऑफ रिक्लमेशनचं. आणि ब्युरो म्हणजे नानांच्या पिढीच्या इंजिनियरांचं काशी-रामेश्वर. पुण्यात त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ज्ञानेश्वरी आहे आणि ज्ञानेश्वरीला टेकून ब्युरोचं 'डिझाइन ऑफ स्मॉल डॅम्स'. नानांनी दोन्ही कड्यांकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, डावा कडा, उजवा कडा. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखं.

"साइट चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "खडक एकसंध, घळ अरुंद. का नाही बांधलं?"

पाटकऱ्यानं सांगितलं. सातशे फुटांहून उंच धरण, मागं ९३ मैल पाणी. १९६६ साली सिएरा क्लबनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. सरकार म्हणत होतं, पाणी चढलं की लोकांना होडीतून कडे जवळून बघता येतील. क्लबनं विचारलं, मग सिस्टिन चॅपलमध्येही पाणी भरायचं का, छत जवळून दिसावं म्हणून? लोक खवळले आणि १९६८ च्या कायद्यात धरण बाजूला पडलं.

"लोकांनी विरोध केला आणि धरण झालं नाही?" नानांना खात्री करून घ्यायची होती. "आमच्याकडं लोक विरोध करतात आणि धरण होतं."

"पण आमच्या जमातीला ते हवं होतं, सर," पाटकरी म्हणाला. "पैसा आला असता, काम मिळालं असतं. धरणाला नावही आमचंच द्यायचं ठरलं होतं. मग सगळं राहून गेलं. आता आम्ही त्याच नदीतून लोकांना फिरवतो."

याला नानांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि कड्यावर एका जागी बोट धरलं, खूप वर, जिथं एक घार कड्याच्या सावलीतून उन्हात येत होती. "पूर्ण संचय पातळी तिथं आली असती. म्हणजे सकाळी डायमंड क्रीकला आपण बोटीत बसलो तिथं पाचशे फूट पाणी. ते खळाळ, तो धबधबा, जेवायला बसलो ती कपार, सगळं आत." ते थांबले. "सकाळपासून आपण बुडीत क्षेत्रातच फिरतोय."

सगळ्यांच्या माना वर. आईंची तेवढी खाली, पाण्याकडे. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, पुढचं गाव किती लांब असं विचारावं इतक्या साध्या आवाजात, "आमच्या घराचा उंबरा कितीवर होता हो?"

"पंधराशे नऊ पूर्णांक पाच," नाना म्हणाले.

त्यांनी डायरी उघडली नाही. आठवायला थांबले नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी एका दुपारी दुर्बिणीतून घेतलेली पातळी, फुटांत, दशांशासकट.

"आणि धरण पंधराशे बावीसला भरतं."

"म्हणजे साडेबारा फूट," आई म्हणाल्या. पन्नास वर्षांत त्यांनाही हिशेब येऊ लागला होता.

"साडेबाराच. पण चांगला कडक उन्हाळा असला की मे-जूनमध्ये उघडा पडतो. सत्त्याऐंशीला पडला होता. दोन हजार सोळाला पडला होता. मी जाऊन बघून आलो."

"एकटेच?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस," नाना म्हणाले आणि कॉलरची पेनं नीट करू लागले.

आई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी दशम्यांचा डबा काढला. तो सकाळपासून तीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरडा राखला होता. त्यातली एक त्यांनी नानांना दिली, एक पाटकऱ्याला, मग आम्हाला.

रात्री परत येताना बसमध्ये नाना झोपले. डायरी मांडीवर उघडी होती. दुधाच्या पिशवीत पाणी शिरलेलं दिसत होतं, कारण शाई फुटून पानभर निळी नदी पसरली होती. तरी शेवटची नोंद वाचता येत होती. खात्याच्या तक्त्यात असतात तसे रकाने हातानं आखलेले. दिनांक. ठिकाण : कोलोरॅडो नदी. विसर्ग : १०,०००. आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात, सहीआधी :

'समक्ष पाहणी केली. भिजलो.'